टेबलाला चिकटलेली एनोहताई

"दगडानं धरलं! दगडानं धरलं!"

कोसासिह मालकाच्या कारखान्यात अख्खं गाव लोटलं होतं. मधोमध ते टेबल. लाखो वर्षं मातीत राहून दगड झालेलं झाड, जकार्तातल्या कुठल्याशा बंगल्यासाठी घासून आरशासारखं केलेलं. त्याला एनोहताईचा तळवा चिकटलेला. ओढला की कातडी ताणायची, ताई कळवळायची.

मालकीणबाई कधीच्या तापानं पडून होत्या. करणी कुणी केली ते झाडाचा आत्मा सांगेल, दोषीचा हात धरून ठेवील, असं मांत्रिक जमसारी बाबा म्हणाला होता. टेबलावर पाणी शिंपडून त्यानं एकेकाला हात ठेवायला लावला. मालकाचा हात सुटला, मुकादमाचा सुटला. ताईचा अडकला.

"कबूल कर आणि गाव सोड!" बाबा गरजला. "मगच सोडवतो."

"काय कबूल करू? मी तर त्यांना पेज नेऊन दिली!"

"पेजेतूनच घातलंस!" गर्दीतून आवाज आला.

तिच्या अंगणाखाली असंच एक दगडी झाड निजलंय. मालकाचा त्यावर डोळा. ती गेली की झाड कुणाचं, हे सांगायला आत्मा कशाला लागतो?

दारात माणसं, खिडकीत माणसं. ताईचे ओठ हलले. आता ती हो म्हणणार होती.

मी कारखान्यासमोर केळ्याची भजी तळतो. झारा टाकला नि घुसलो.

"बाबा, माझीही परीक्षा घ्या. मालकीणबाई माझ्या भज्यांना नावं ठेवायच्या, संशय माझ्यावरही हवा!"

"घ्या, घ्या!" लोकांना मजाच हवी होती.

बाबानं 'झाड जागं करायचं' पाणी काढलं.

"ही बाटली नको. ताईच्या वेळची काढा, ती छोटी. बदलताना बघितलं मी."

बाबा चरफडला, पण गर्दी बघत होती. चार थेंब सांडले. मी तेलानं माखलेला पंजा त्यावर दाबला.

"झाडराजा, कालची केळी आजच्या पिठात मी कध्धी घालत नाही!"

सगळे खो खो हसले. "मेल्या उजू, तूच चिकटणार आता!" सातीह म्हातारी ओरडली.

हात सुळकन सुटला.

"झाडाला तेलकट खोटं चालतं वाटतं! आता तुम्ही ठेवा बाबा, कोरडा हात."

बाबानं दोन्ही हात पाठीमागे नेले.

पॉलिशवाला रुस्लान वाकून टेबल हुंगू लागला. "अरे, हा तर आपला भेगा भरायचा गोंद!"

दिवसभर तोच वास नाकात, म्हणून कुणाला आलाच नव्हता. बाबाच्या झोळीतून गोंद काढायचं औषधही निघालं. रुस्लाननं ते ताईच्या तळव्याच्या कडेनं सोडलं. मंत्र नाही, धूप नाही. हात हळूहळू मोकळा झाला, लालभडक.

ताई मालकाकडे वळली. "आधी बाईंना दवाखान्यात न्या. माझ्या अंगणाचं मग बोलू."

गड्यांनो, हा गोंद ओलाव्यानं आवळतो, तेलावर धरत नाही. ताईचा हात घामेजला होता, कारण आपण सगळे तिला घेरून उभे होतो. दगडाला पाप कळत नाही. पुढच्या वेळी कुणाचा हात चिकटला, तर 'कबूल कर' म्हणण्याआधी बाटली हुंगा.