पोंचोखाली मोडलेला पाय

खिंडीखालच्या गोठणात सगळं गाव गोळा झालं होतं. मधे घोंगडीवर माझा नवरा तेओफिलो. बटाट्याची पोती लादलेल्या खेचरांमागे उतरताना त्याचा उजवा पाय दगडांत मुरगळला आणि घोटा टम्म फुगला. शेजारी गावचे भगत डॉन इलारियो डोळे मिटून पुटपुटत होते. त्यांच्या डोक्यातून घातलेल्या, घोंगडीसारख्या लोकरी पोंचोच्या आडोशाला एक काळा गिनीपिग तेओफिलोच्या पायावरून फिरत होता.

"डोंगरदेवा, लेकराचं दुखणं ह्या जिवात ओढून घे!"

कट्ट! डॉननी जनावर वर धरलं. त्याचा उजवा मागचा पाय लोंबत होता. बायकांनी हात जोडले.

"मोडलेलं ते ह्याच्यात उतरलं. ऊठ तेओफिलो. उद्या खेचरं घेऊन खिंड ओलांड."

तेओफिलोने पाय टेकला, पांढराफटक पडला आणि मटकन बसला.

"श्रद्धा कमी पडतेय," डॉन म्हणाले. "चालशील तशी वाढेल."

माझं डोकंच फिरलं. खेचरं हाकणाऱ्याचा पाय कायमचा गेला तर घर कशावर चालायचं? आणि तो गिनीपिग माझ्याच चुलीपाशी खाण्यासाठी वाढवलेला; सकाळी गवत घातलं तेव्हा चारही पायांवर उड्या मारत होता. दुखणं उतरलेल्या जनावराला कुणी शिवायचं नाही, ते डॉननीच पुरायचं, अशी आमची रीत. त्या दिवशी त्यांच्या घरातून लसणाच्या फोडणीचा वास येतो, हेही गावाला ठाऊक. बोलत कुणी नाही.

दवाखान्यातल्या नर्सला मी आधीच निरोप धाडला होता. ती येईपर्यंत मी लंगडत पुढे झाले. "डॉन, पळत येताना माझाही डावा घोटा गेला हो."

"दुसरं जनावर आणलंयस ना, पोरी?"

"आणलंय की."

पुन्हा डोंगरदेवाचा धावा, पुन्हा कट्ट. ह्या वेळी डावा पाय लोंबत होता. त्या मुक्या जिवाचं मला फार वाईट वाटलं. मग मी उठले आणि डाव्या पायावर एक गिरकी घेतली.

"मला काहीच झालेलं नाही. मग ह्याच्यात उतरलं ते कुणाचं?"

शेजारच्या रुफिनाआजी हळूच म्हणाल्या, "डॉन, आता पोंचो काढून करा बघू एकदा."

"थंडी आहे फार, आई."

सगळे उन्हात घाम पुसत होते. आधी एक हसला, मग गोठण हसलं. पोंचोखाली अंगठा आणि बोट यांच्यात इवलंसं हाड मोडायला कसला आलाय देव?

तेवढ्यात नर्स ग्लिसेरियाताई आल्या. त्यांनी बुटाची नाडी सैल केली, घोट्यामागचं हाड दाबलं. तेओफिलो कळवळला.

"हाडावर दुखतंय, पाऊल टाकता येत नाही. म्हणजे मोडलंय असंच धरायचं. ओढायचं नाही, चोळायचं नाही, चालवायचं तर मुळीच नाही."

खोगिराखालच्या घोंगडीची घडी पायाच्या दोन्ही बाजूंनी लावून त्यांनी ती बांधली. बोटं गरम आहेत ना, स्पर्श कळतो ना, ते पाहिलं. पाय उंच ठेवून ओढ्याच्या पाण्याचा फडका टाकला.

"आता रस्त्यापर्यंत झोळी. दोन काठ्या आणि दोन पोंचो द्या."

एक तेओफिलोचाच होता. दुसऱ्यासाठी सगळ्यांनी डॉनकडे पाहिलं. त्यांनी पोंचो उतरवला.

एक्स-रेच्या फोटोत हाड तडकलेलं निघालं. त्यावर खिंड चढला असता तर जन्माचा लंगडा झाला असता, असं डॉक्टर म्हणाले. आज तो पुन्हा खेचरांमागे चालतो. ते दोन गिनीपिग मी शिजवले, सगळ्यांनी खाल्ले; कुणाचाही घोटा सुजला नाही.

तेव्हा पाय मुरगळला तर बांधा, उचलून न्या, डॉक्टरला दाखवा. आणि कुणी चमत्कार दाखवू लागला, तर त्याला आधी पोंचो काढायला सांगा.