केवळाबाईच्या पोलक्याचं माप

मित्रांनो, शिंप्याच्या गळ्यात राहून म्हातारी झालेली मी एक टेप आहे. माझे पहिले तीन इंच केव्हाच पुसले गेले, टोकाची पितळी पट्टीही गळाली. पण पालमच्या बाजारातल्या आश्रुबा शिंप्यांना मी तोंडपाठ आहे, म्हणून आमचं दोघांचं अजून बरं चाललं आहे.

त्या काळी आमच्याकडे बायका अंगाचं माप देत नसत. जुनं पोलकं आणून टाकायच्या आणि "याच्यावानी शिवा" म्हणायच्या. आश्रुबा त्या पोलक्यावर मला धरत. कुणाचा खांदा उतरता, कुणाची पाठ कलती, हे गावात आम्हा दोघांनाच ठाऊक असायचं. एक बाजू जरा वाढवली, खांद्यात कापडाची घडी घातली, की व्यंग झाकलं. या कसबाचं कौतुक व्हायचं आणि मीही फुशारून जायचे.

१९९२ साली रुख्मिणी आपल्या बारा वर्षांच्या शिवकांताला घेऊन आली. पोरीचं माप अंगावरच घेतलं. उजवा खांदा चांगला दोन बोटं वर होता आणि कणा एका अंगाला वळला होता.

"दादा, झाकंल असं शिवा," रुख्मिणी हळूच म्हणाली.

मागे तिची सासू केवळाबाई उभी होती. ती कडाडली, "झाकून काय व्हतंय? पोर पोटात असताना गिरान लागलं, अन् ही बसली भाजी चिरत! लेकराची पाठ हिनंच वाकडी केली."

पोरीची पाठ वाकू लागल्यापासून, दोन वर्षं, त्या ग्रहणाचा बोल रुख्मिणी ऐकत होती आणि तिलाही तो खरा वाटू लागला होता. घरात नवससायास चालले होते, डॉक्टरचं नाव निघत नव्हतं आणि पोरीची पाठ वाकतच चालली होती.

आश्रुबा जरा घुटमळले. मग त्यांनी केवळाबाईनंच मापासाठी टाकलेलं जुनं पोलकं काढून पसरलं आणि मला आधी डावीकडे, मग उजवीकडे धरलं.

"आक्का, तीस वर्षं झाली, तुमची उजवी बाजू दीड बोट वाढवून शिवायलोय. तुमच्या लेकीची बी तशीच. ह्यात सूनबाईचं गिरान कुठं आलं?"

मला आयुष्यात पहिल्यांदा लाज वाटली. इतकी वर्षं मी झाकण्यातच मोठेपणा मानला होता.

केवळाबाई पोलक्यावरून हात फिरवत राहिली. "माझ्या मायची पाठ बी अशीच व्हती," ती शेवटी म्हणाली. "माझंच आलंय लेकराला."

त्याच आठवड्यात तिघी एसटीनं नांदेडला गेल्या. पुढे शिवकांताच्या पाठीला पट्टा आला. त्याखाली घालायची सुती बंडी शिवायला रुख्मिणी आली, तेव्हा डॉक्टरांचं म्हणणं कळलं. असा बाक पुष्कळदा घराण्यातून येतो. त्यामागे बरीच जनुकं असतात, म्हणून तो एकाला येतो आणि त्याच्याच भावंडाला येत नाही. त्यात आईची चूक नसते आणि ग्रहणाचा तर काही संबंधच नाही. वाढीच्या वयात पट्टा लावला, तर बाक वाढायचा बहुधा थांबतो. हे सांगताना रुख्मिणी हसली. तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. वर्षभरानं माप घेतलं, तर शिवकांताची पाठ होती तिथंच होती.

मित्रांनो, मला खुशाल अडगळीत टाका, पण वाढत्या मुलांच्या पाठी बघत जा आणि काही वेगळं दिसलं तर झाकू नका. केवळाबाईला हे सांगावं लागलं नाही. एका बाजारच्या दिवशी तिनं सगळी नातवंडं दुकानापुढे ओळीनं उभी केली आणि डॉक्टरांनी पाठ तपासायला दाखवलं होतं तसं "वाका रे खाली!" म्हणाली. लेकीच्या धाकट्याची पाठ एका बाजूनं उचललेली दिसली.

भर बाजारात, आवाज जराही न उतरवता ती म्हणाली, "हा बी माझ्यावरच गेलाय. उद्याच नांदेडला नेते."