बादलीतल्या मुंग्या

मोलगीच्या बाजारात मिरच्या घेत होते, तेवढ्यात वसतिगृहाच्या जगदीश सरांचा फोन. "योगिता, पोरींच्या न्हाणीतलं सॉकेट जळतंय. बघून जा." मी आयटीआय केलेली वायरमन, आणि माझी धाकटी बहीण रिना त्याच वसतिगृहात सहावीला. मिरच्या तिथंच टाकल्या नि जीप पकडली.

न्हाणी पाहिली आणि डोकंच फिरलं. सहा अँपिअरच्या सॉकेटवर दोन हजार वॅटचा पाणी तापवायचा रॉड! जाड पिनांचा प्लग त्यात बसेना, म्हणून प्लगच कापलेला. उघड्या वायरी भोकांत खुपसून काडेपेटीच्या काड्या ठोकलेल्या. अर्थिंगची वायर छाटून टाकलेली. दाराबाहेरच्या बोर्डावर तर कहरच. करंट गळला की त्याच क्षणी लाईट तोडणारा ईएलसीबी मी दिवाळीत स्वतः बसवला होता. त्याला बाजूला टाकून वायर डायरेक्ट जोडलेली.

"हे कोणी केलं?"

"मीच करायला लावलं," सर म्हणाले. "रोज सकाळी पडायचा तो. पोरी थंड पाण्यानं कुडकुडायच्या."

"अहो, करंट गळत होता म्हणून पडायचा! त्याचं कामच ते!"

"काही व्हत नही, बाई. दोन महिने झाले, झालं का कोणाला काही?"

बादलीजवळ उभी असलेली रिना हसली. "ताई, बादलीत मुंग्या असतात. बोट घातलं की चावतात. आम्ही पैज लावतो, कोण जास्त वेळ बोट ठेवतं. रोज मीच जिंकते."

माझ्या अंगाची नुसती लाही झाली. रोज! माझी बहीण रोज मरणात बोट बुडवत होती, आणि हा माणूस म्हणतो काही व्हत नही!

"सर, रॉड चालू आहे. घाला हात पाण्यात."

त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. दोन पावलं मागेही सरकले.

"घाला ना! काही होत नाही ना?"

"घाबरू नका सर, मी दाखवते," म्हणत रिनानं बादलीकडे हात नेला.

मी मेन स्विच खाड्‌कन खाली ओढला, धावत आत गेले आणि तिच्या थोबाडीत दिली. आयुष्यात पहिल्यांदा. ती रडायलाच लागली.

आणि सर म्हणतात कसे, "अगं, लेकराला कशाला मारतेस? तिचं काय चुकलं?"

काही चुकलं नव्हतं तिचं. मी फ्यूज उपसून पिशवीत टाकले, तिला पोटाशी धरलं आणि बाहेर पडले. हात अजून चुरचुरत होता. चुकीच्या गालावर पडला होता तो.