मोहिमेचं फूल

शेनने मोबाईल बाहेरच्या कपाटात ठेवला आणि मगच ती खोलीत आली. मंजूषाने पाहून न पाहिल्यासारखं केलं.

नेदरलँड्समधल्या लायडनच्या त्या संशोधन संस्थेत मंजूषा संगणक सांभाळायची. शेन चीनमधल्या सरकारी मोहिमांचा अभ्यास करायची. रोजची कामं गुंडाळून सगळी कचेरी एकाच गोष्टीमागे कशी धावते, हा तिचा विषय.

यंदा संस्थेनेही सुरक्षेची मोहीम काढली होती. ‘वेगळं काही दिसलं, तर कळवा.’ कोणत्या विभागाने किती कळवलं, त्याचा फलक कॅन्टीनमध्ये लागला. मंजूषाच्या विभागासमोर भोपळा होता.

“तुमच्याकडे सगळेच साधू?” साहेबाने हसून विचारलं. मंजूषाचं इथे राहायचं परमिट संपत आलेलं, तिला ते हसणं खुपलं. आणि शेन तर एक मुलाखत कायमची पुसून टाक म्हणून मागेच लागलेली. नक्कीच कुठेतरी पाणी मुरत होतं. मंजूषाने शेनचं नाव कळवून टाकलं.

रविवारी तिने फोनवर आईला ते जरा फुशारकीनेच सांगितलं. आईने जुनीच गोष्ट काढली.

“आम्हा शिक्षकांना गुड मॉर्निंग पथकात घातलं होतं, आठवतं? पहाटे टमरेल घेऊन निघालेल्यांना गाठायचं आणि गुलाबाचं फूल द्यायचं. रोज कुणीतरी सापडायलाच हवं. एकदा माझ्याच वर्गातल्या पोरीची आई सापडली. दिलं फूल.”

“मग?”

“मग काय. पोरगी शाळेत यायची बंद झाली.”

सोमवारी शेनचा संगणक उघडेना. चौकशीवाले तिच्या साऱ्या मुलाखती घेऊन गेले होते.

“ती मुलाखत माझ्या बाबांची होती,” शेन म्हणाली. “तिकडच्या मोहिमेत कुणाकुणाला उगाच पकडलं, ते त्यांनी सांगितलंय. आवाज बदलला, पण खोकला तोच राहिला. आता ती किती जणांच्या कानांवर जाईल, कोण जाणे. तिकडे बाबांना खोकल्यावरूनही ओळखतील.”

“आणि मोबाईल बाहेर का ठेवतेस?”

“तिकडची सवय, तो चोरून ऐकतो म्हणून. सुटत नाही.”

मंजूषाला तिच्याकडे बघवेना. खरं सांगून टाकावं असं वाटलं.

तेवढ्यात मोहिमेची बाई ढकलगाडी घेऊन आली आणि तिने एक पिवळा ट्यूलिप मंजूषाच्या टेबलावर ठेवला. “कळवल्याबद्दल आभार,” असं म्हणून ती पुढे गेली.

शेनने फुलाकडे पाहिलं, मग मंजूषाकडे. स्वतःच्या चहाचा पेला तिने विसळला, त्यात पाणी भरलं आणि फूल त्यात ठेवलं.

“नाहीतर सुकेल,” ती म्हणाली आणि कपाटातला मोबाईल घ्यायला गेली.