प्रवासी क्रमांक चाळीसची चक्कर

मरोळच्या सुखशांती सोसायटीत गणपतीला एकांकिका होते आणि ती शर्मिष्ठा बसवते. अकरा वर्षांत तिने कुंदाला स्टेजवर एकदाही तोंड उघडू दिलं नव्हतं. पहिल्या वर्षी झाड, दुसऱ्या वर्षी प्रेत, मग दर वर्षी मागून पिशवी घेऊन जाणारी बाई. "तुझा चेहराच बोलका आहे गं, संवाद कशाला हवेत?" असं शर्मिष्ठा म्हणायची. यातली मखलाशी कुंदाला कळत नव्हती असं नाही. यंदा तिने ठरवूनच टाकलं होतं, संवाद मिळाला तर ठीक, नाहीतर मंडळाला रामराम.

अशात विमानतळाकडून बोलावणं आलं. दोन टर्मिनलांना जोडणारी बिनड्रायव्हरची गाडी सुरू व्हायची होती. त्याआधी रंगीत तालीम म्हणून आसपासच्या सोसायट्यांतल्या लोकांना खोटे प्रवासी करून तिच्यात बसवायचं होतं. प्रत्येकाला एक चिठ्ठी, आणि चिठ्ठीत लिहिलंय तसं वागायचं. कोणी दारात बॅग अडकवायची, कोणी चुकीच्या टर्मिनलला उतरून रडायचं.

विमानतळातर्फे चिठ्ठ्या वाटणारी तेजल तशी गोड मुलगी होती, पण तिने शर्मिष्ठाला दिला चाळीस नंबर: 'गाडी मध्यावर असताना चक्कर येऊन पडते.' आणि कुंदाला एकेचाळीस: 'शांतपणे उभी राहते.'

"बघ, इथेही तेच!" शर्मिष्ठा खिदळली.

कुंदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

गाडी निघाली. पुढे ड्रायव्हरची केबिनच नाही, नुसती मोठी काच, त्यामुळे जो तो तिकडे धावला. कुंदाची नजर मात्र शर्मिष्ठावर होती. मध्य आला. शर्मिष्ठाने ओढणी सावरली, कपाळाला हात लावला, घसा खाकरला, आणि तेवढ्यात कुंदा धाडकन पडली. पडली ती अशी, की शेजारचे एक काका खरोखरच किंचाळले.

"अगं ए, चक्कर माझी आहे!" शर्मिष्ठा ओरडली आणि नाइलाजाने तिच्या शेजारी आडवी झाली. पण तिच्याकडे बघायला वेळ कुणाला होता? गाडीतच उभ्या असलेल्या तेजलने यादी पाहिली. पडायचं होतं चाळीसने, एकेचाळीसने नाही. म्हणजे ही चक्कर खरी! तिने लाल बटण दाबून कंट्रोल रूमला कळवलं आणि तालीम बंद झाली. टर्मिनलला दार उघडताच स्ट्रेचर हजर.

स्ट्रेचरवर मात्र कुंदाची तंतरली. शंभर माणसं खोळंबलेली, तेजल रडकुंडीला आलेली. उठावं तर सोसायटीत तोंड दाखवायची सोय नाही, न उठावं तर हॉस्पिटल. बिचारीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती तशीच पडून राहिली.

"पेशंटबरोबर कोण आहे?" विमानतळावरच्या डॉक्टरांनी दवाखान्याच्या दारातून विचारलं.

"मी!" कुर्त्याची धूळ झटकत शर्मिष्ठा आत शिरली.

"नाडी उत्तम, बीपी उत्तम. मग या उठत का नाहीत?"

"झोपलेल्याला उठवता येतं हो डॉक्टर," शर्मिष्ठा दातओठ खात म्हणाली आणि चादरीखालून तिने कुंदाच्या दंडाला कचकचून चिमटा काढला. कुंदाची पापणी हलली नाही. डॉक्टरांनी साखर बघायला बोटाला सुई टोचली. ढिम्म. शर्मिष्ठा कानाशी वाकली, "कुंदे, गळ्यावर झुरळ आहे तुझ्या." तरी ढिम्म.

डॉक्टर ॲम्ब्युलन्स बोलवायला बाहेर गेले.

शर्मिष्ठा स्टुलावर बसली. तिचा राग कुठल्या कुठे गेला होता. खरं सांगायचं तर तिला हेवा वाटत होता, आणि स्वतःची लाजही. असली नटी तिने इतकी वर्षं पिशवी घेऊन मागून चालवली होती.

"चुकलं माझं, कुंदे," ती हळूच म्हणाली. "आता ॲम्ब्युलन्स यायच्या आत शुद्धीवर ये बघू. यंदा मुख्य भूमिका तुझी. बाप्पाची शपथ."

कुंदाने डोळे उघडले नाहीत. ओठ तेवढे हलले.

"संवाद किती?"