उलटा फिरणारा पंखा

"हा वारा देतोय कुठला, आपलाच वारा खातोय मेला!" वर्गातली चष्मेवाली माझ्या कानाशी पुटपुटली.

टेबलावरचा पंखा फिरत होता, पण उलटा. समोर बसलेल्या आम्ही घामाघूम आणि मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर मात्र मजेत फडफडतंय. पंखा जोडला होता माझ्या धाकट्या जावेनं. परीक्षेला, तेही तिसऱ्यांदा.

आमच्या महिला केंद्रात मी पंखे-मिक्सर दुरुस्ती शिकवते. मला कुणी शिकवलं नाही. घरातली एकेक वस्तू आधी बिघडवत आणि मग बोलणी खात शिकले. जावेला मीच इथं ओढून आणलं. इथं मला 'बाई' म्हणायचं आणि घरी 'जाऊबाई', असं आमचं ठरलंय.

आज दुरुस्तीच्या दुकानाचे मालक स्वतः परीक्षा घ्यायला आले होते. त्यांना कामाला एक बाई हवी होती. दुपारी घरी एकट्या असलेल्या बायका पुरुष कारागिराला दार उघडायला का-कू करतात. माझ्या भिडेखातर त्यांनी दोनदा जागा अडवून ठेवली होती. आता पंख्याकडे बघून त्यांनी मान हलवली.

"बाई, आज नाही जमलं तर मी दुसरीकडे बघतो. मलाही धंदा करायचाय."

"जरा थांबा. तेवढ्यात चहा घ्या बाहेर," मी म्हटलं.

ते गेले आणि माझा पारा चढला.

"दोन तारा, अगं, दोन! त्यांची अदलाबदल केलीस की झालं. सांगून सांगून माझ्या जिभेला घट्टे पडले."

"गोंधळ होतो माझा," स्क्रू ड्रायव्हरशी चाळा करत ती म्हणाली.

"हो का? सासूबाईंचा पंखा परवा दूध तापेपर्यंत नीट केलास. तेव्हा नाही झाला गोंधळ?"

खोलीत एकदम सगळ्यांना कामं सुचली. चष्मेवाली चष्मा पुसायला लागली. कोपऱ्यातली एक वाकून न पडलेला स्क्रू शोधू लागली.

"परीक्षेची धास्ती घेतली असेल हो तिनं," तिथूनच ती म्हणाली.

"कसली धास्ती? अगं, स्वतःच्या पायावर उभी राहशील. हातात चार पैसे येतील. कुणापुढे हात पसरायला नको..."

हे सगळं दारावरच्या फलकावर लिहिलेलं आहे. फलक मीच रंगवलाय, त्यामुळे तोंडपाठ आहे.

जावेनं प्लग काढला, बोलता बोलता दोन तारा बदलल्या, पुन्हा प्लग लावला. वाऱ्याचा झोत थेट माझ्या तोंडावर आला.

"येतं मला," ती म्हणाली.

"मग घोडं अडलं कुठं?"

"शिकतेय म्हणून दुपार माझी आहे, बाई. कामाला लागले की दुपार दुकानाची. आणि घरी गेल्यावर स्वयंपाक आहेच वाट बघत."

"पण पगार येईल ना तुझा!"

ती हसली. ते हसू मला मुळीच आवडलं नाही. चष्मेवालीनं घाईघाईनं तिचा हात दाबला. "जाऊ दे गं. नको तो विषय."

म्हणजे विषय काय आहे हे हिला ठाऊक होतं. इतरजणींकडे पाहिलं, तर एकही माझ्या नजरेला नजर देईना.

बाहेर बशीत कप ठेवल्याचा आवाज आला. मालकांचा चहा संपला होता. जावेनं पुन्हा प्लग काढला आणि शांतपणे दोन्ही तारा सोडवल्या.

"अगं, काय करतेस!"

"जाऊबाई," ती म्हणाली. बाई नाही म्हणाली. "तुम्ही इतकी वर्षं कमावताय. पगाराचं पाकीट न फोडता सासूबाईंच्या हातात देता आणि चप्पल तुटली की त्यांच्याकडेच पैसे मागता. तुमच्याकडे बघूनच मी नापास होते."