घंटेशेजारच्या खुंटीवरून

मित्रांनो, मी एक जुने लोढणे आहे. वाघजाईच्या डोंगराखालच्या वाडीत, बनाबाईच्या गोठ्यात, दाराच्या डाव्या खुंटीवर मी टांगलेले असते. उजव्या खुंटीवर कोण असते, ते मी सांगणार नाही. ही माझी गोष्ट आहे, तिची नव्हे.

लोढणे म्हणजे काय, हे तुमच्यापैकी काहींना ठाऊक नसेल. हातभर लांब, मनगटाहून जाड असा लाकडाचा ठोकळा. उनाड जनावराच्या गळ्यात तो दोरीने बांधतात. जनावर सावकाश चरत असले तर तो नुसता लोंबतो. पळायला लागले की पुढच्या गुडघ्यांवर आपटतो आणि जनावर थांबते. माझे काम एवढेच, थांबवणे. थांबवणाऱ्याला कोणी ओवाळत नाही. उलट, नको असलेल्या माणसाला तुम्ही माझे नाव देता.

तिला मात्र…

नको. सुरुवातीपासून सांगते.

माझा जन्म. यात ती नाही.

कोल्हापूरच्या गादीवर शाहू महाराज आले, त्याच्या चौथ्या वर्षी मुरगूडच्या फक्रुद्दीन सुताराने मला घडवले. घडवले हा शब्द मोठा झाला. गाडीच्या चाकासाठी आणलेल्या बाभळीचा एक तुकडा उरला होता. त्याने त्याच्या कडा तासल्या, वरच्या टोकाला एक भोक पाडले आणि मला अंगणात फेकले. झाला माझा जन्म. माझ्याच झाडाच्या लाकडाची दोन चाके झाली. ती कागलच्या बाजारापर्यंत फिरून आली. मी त्यांचा हेवा केला. पण तो साधा, लहानपणीचा हेवा होता. खरा हेवा काय असतो, ते मला पुढे कळले. ती पहिल्यांदा दिसली तेव्हा…

तीन ओळीसुद्धा तिच्याशिवाय जात नाहीत. बघा.

माझे काम. यात ती थोडी आहे.

वाडीत तीस घरे आणि चाळीस जनावरे. सगळी एका डोंगरावर चरायची. म्हणून जुन्या लोकांनी डोंगराचे तीन पट्टे केले होते. खालचा, मधला आणि वरचा सडा, म्हणजे माथ्यावरचे पठार. दर वर्षी त्यातला एक पट्टा आषाढापासून दिवाळीच्या पाडव्यापर्यंत बंद ठेवायचा. बंद पट्ट्याच्या कडेला एक बांबू रोवायचा आणि त्याला गवताची गाठ मारायची. गाठीच्या आत जनावर जायचे नाही. तिथले मारवेल गवत कंबरेइतके वाढायचे, त्याला तुरे यायचे, बी पिकून जमिनीवर पडायचे. बी पडले की मग पाडव्याला गाठ सोडायची, गवत कापायचे, गंजी रचायच्या. बी पडायच्या आधी जनावर शिरले तर पुढच्या साली तिथे गवताऐवजी दगड दिसतात, आणि पावसात ते दगड वाडीकडे येतात.

बनाबाईला नवरा नव्हता, शेत नव्हते. पवळी नावाची एक तांबूस गाय होती, आणि डोंगरावर ती चारायचा हक्क होता. या दोन गोष्टींवर तिचे घर चालायचे. पण पवळीला नेमके गाठीपलीकडचेच गवत आवडायचे. त्या साली मधला पट्टा बंद होता. श्रावणात ती त्यात सापडली. वाडीचा पाटील बाळासो याने निकाल दिला.

"बनाक्का, पहिली खेप हाय म्हणून लोडणं घाल म्हणतोय. दुसऱ्या खेपंला पवळीला डोंगर बंद. वरीसभर."

"वरीसभर काय खाऊ घालू तिला? माझं लुगडं?"

"ते पवळीला इचार," बाळासो म्हणाला.

अशा रीतीने मी मुरगूडच्या अंगणातून पवळीच्या गळ्यात आले. तिला मी आवडले नाही. मी गुडघ्यावर बसले की ती मान फिरवून माझ्याकडे असे बघायची, जणू मी तिचे काहीतरी चोरले आहे. पण श्रावण, भादवा आणि आश्विन हे तिन्ही महिने ती एकदाही गाठीच्या आत गेली नाही. माझे कौतुक कोणी केले? कोणी नाही. वाडीत कौतुक एकीचेच व्हायचे.

बरे, सांगते. ती घंटा होती. पितळेची, बाळासोच्या म्हशीच्या गळ्यातली. कळपाच्या पुढे ती चालायची. तिच्या आवाजामागून सगळी गुरे सकाळी वर जायची आणि दिवस कलला की खाली यायची. म्हाताऱ्या ज्ञानू गुराख्याला लांबचे दिसत नव्हते. तो आवाजावरच कळप राखायचा. झाडाखाली डोळे मिटून बसायचा आणि म्हणायचा, "वाजतीया न्हवं? मग समदं बेस हाय."

वाजतेय, म्हणजे सगळे बरे! आणि मी जे आवाज न करता करत होते, ते? घंटेला दर आठवड्याला चिंचेने घासायचे. मला कुणी ओल्या फडक्यानेही पुसले नाही. तिचा आवाज आला की बायका दारात यायच्या. माझा आवाज आला की पवळी लंगडायची आणि पोरे हसायची. मित्रांनो, हेवा कसा असतो ठाऊक आहे? ती वाजली की माझ्या भोकातली दोरी मला काचायची.

वसुबारस. यात फक्त तीच आहे.

वसुबारसेला गाय-वासराची पूजा असते. वाडीत म्हशी पुष्कळ होत्या, पण त्या साली दूध देणारी आणि पायाशी वासरू असलेली गाय एकच होती. पवळी! सकाळपासून बायकांची रांग लागली. कालपर्यंत पवळीला काठी दाखवणाऱ्या बायका तिच्या खुरांवर पाणी घालून हळदकुंकू वाहत होत्या.

"आज तिच्या गळ्यात हे लाकूड बरं दिसतंय व्हय?" कुणीतरी म्हणाले.

बनाबाईने मला सोडले आणि या खुंटीवर टांगले. मग बाळासो स्वतः आला. त्याने आपल्या म्हशीच्या गळ्यातली घंटा काढली आणि पवळीला बांधली. "सणाचं राहू दे गळ्यात. पाडव्याला सोडून घेतो," तो म्हणाला. बनाबाईच्या डोळ्यांत पाणी आले. तिच्या दारात पाटलाने पहिल्यांदाच काही आणून बांधले होते.

माझी जागा. माझाच गळा. तिथे ती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्ञानूने विचारले, "बनाक्का, लोडणं?"

"काल जिच्या पाया पडलो, तिच्या गुडघ्यावर आज लाकूड हाणू? तीनच दिस ऱ्हायल्यात पाडव्याला. आणि पाटलाची घंटा हाय की गळ्यात."

ज्ञानू "व्हय की" म्हणाला. घंटा आहे म्हणजे सगळे बरे.

गुरे वर गेली. मी खुंटीवर. मी काय केले, ते खरे सांगते. मी मनापासून म्हटले, हिची फजिती होऊ दे. एकदाच. सगळ्यांसमोर.

मी खूश होते तो दिवस.

झाली फजिती. दुपारी ज्ञानू धापा टाकत खाली आला. "बनाक्का, घात झाला गं! समदी गुरं मधल्या पट्ट्यात!"

पवळी आपल्या सवयीप्रमाणे गाठीच्या आत गेली होती. पण गळ्यात घंटा होती, आणि घंटेमागून जायची सवय कळपाला होती. चाळीसच्या चाळीस जनावरे ओळीने, शिस्तीत, बांबूजवळून आत शिरली. झाडाखाली बसलेला ज्ञानू घंटा ऐकून समाधानाने डुलक्या घेत होता. त्याला कळले तोवर तुरे आलेले अर्धे मारवेल पोटात गेले होते.

मी आनंदाने खुंटीवर हलले. लाज वाटते आता, पण हलले. मग बनाबाई आत आली. तिने पवळीच्या रिकाम्या दावणीला हात लावला आणि खाली बसली. पवळीला डोंगर बंद म्हणजे पवळी विकायची, आणि पवळी विकायची म्हणजे वाडी सोडायची. घंटेची फजिती मी मागितली होती. पण भोगायची वेळ बनाबाईवर आली.

न्याय.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाघजाईच्या देवळापुढे वाडी जमली. गुरेही तिथेच उभी होती, डोंगरावर जायच्या आधीची. मला पुरावा म्हणून पायरीवर ठेवले होते. फक्रुद्दीन सुतार कुणाची तरी गाडी दुरुस्त करायला आला होता, तोही बसला.

"बनाक्का, ठरलं ते ठरलं. पवळीला डोंगर बंद," बाळासो म्हणाला.

"एकली पवळी गेलती व्हय आत? तुमची म्हस काय बांधावरनं बघत हुती?"

लोक हसले. बाळासो हसला नाही. "माझी म्हस तुझ्या गाईमागनं गेली."

"माझ्या गाईमागनं न्हवं. तुमच्या घंटंमागनं."

"जनावराला काय कळतंय घंटा कुणाची?"

"त्येच की!"

असे म्हणून बनाबाई उठली. पवळीच्या गळ्यातली घंटा तिने सोडली आणि स्वतःच्या गळ्यात अडकवली. पदर खोचला. मान हलवत, घंटा वाजवत ती देवळाच्या बाजूने चालू लागली. आधी बाळासोच्या म्हशीने कान टवकारले आणि पाऊल उचलले. मग दुसरी म्हैस, मग बैल, मग वासरे. सगळा कळप बनाबाईच्या मागून देवळाला प्रदक्षिणा घालू लागला. पवळी मात्र जागची हलली नाही. ती नैवेद्याचा नारळ हुंगत होती.

"आरं, ही तर आमची नवी म्होरकी!" ज्ञानू ओरडला.

एक फेरी घालून बनाबाई बाळासोपुढे येऊन थांबली. मागे एकोणचाळीस जनावरे थांबली.

"हं पाटील. आता मलाबी लोडणं घाला."

"माझ्याकडं एवढं मोठं लाकूड न्हाय बाबा," फक्रुद्दीन म्हणाला, आणि वाडी इतकी हसली की देवळावरचे पारवे उडाले.

बाळासोने आपल्या म्हशीची रिकामी मान पाहिली. मग म्हणाला, "घंटा मीच बांधली. उनाडाच्या गळ्यात म्होरकीचं लेणं घातलं मी. चूक माझी." तो उठून उभा राहिला. "पवळी डोंगरावर जाईल, पर लोडणं घालून. मधला पट्टा अजून एक साल बंद. समद्यांना. माझ्या म्हशीलाबी. वरच्या सड्याचं बी आणून तितं टाकायचं. आणि हितनं पुढं एक गंज शिल्लक ठिवायची, न मोडता. आणि घंटंत चिंध्या कोंबा. सालभर गप बसू दे तिला."

त्या दिवशी मला परत पवळीच्या गळ्यात बांधताना बनाबाईने प्रथमच माझ्यावरून हात फिरवला. खरखरीत हात होता. मला वाटले, आता माझे दिवस आले.

दोन वर्षांनी.

पुढच्या साली मधला पट्टा पुरता पिकला. गंजी उभ्या राहिल्या, एक शिल्लक ठेवली. त्याच्या पुढच्या साली पावसाने पाठ फिरवली. तुमच्या वडीलधाऱ्यांनी तो दुष्काळ सांगितला असेल. आसपासचे डोंगर मार्गशीर्षातच उघडे पडले. आमच्या मधल्या पट्ट्यातली मुळे दाट होती, म्हणून थोड्या पावसातही तिथे गुडघाभर मारवेल उठले. शेजारच्या गावची माणसे ते बघायला यायची. वाडीने शिल्लक गंज मोडली. दोन म्हातारे बैल गेले. बाकी सगळी गुरे वाचली. पवळी वाचली.

ज्ञानूचे डोळे तोवर पुरते गेले होते. गुरे कुणी राखायची हा प्रश्न आला, तेव्हा कुणी चर्चाच केली नाही. कळप कुणामागून जातो, हे सगळ्यांनी पाहिले होते. बनाबाई डोंगराची गुराखीण झाली. बाळासोने घंटा तिच्याकडे आणून दिली.

म्हणजे माझ्या शेजारच्या खुंटीवर.

माझा तुकडा.

सालभरासाठी कोंबलेल्या चिंध्या दोन सालांनी काढल्या, तेव्हा घंटा वाजली नाही. पावसात भिजलेल्या चिंध्यांनी आतली लोखंडी जीभ गंजून गळून पडली होती. मी मनात हसले. बनाबाईने फक्रुद्दीनला बोलावले. त्याने घंटा पाहिली, मग गोठ्यात नजर फिरवली आणि मला खुंटीवरून काढले. पवळी तोवर शहाणी झाली होती, मी नुसतेच टांगलेले असायचे.

"मुरलेलं लाकूड हाय. ह्येचीच जीभ करतो," तो म्हणाला.

त्याने माझे खालचे टोक कापले, जे पवळीच्या गुडघ्यांवर आपटून आपटून गुळगुळीत झाले होते. तेच घंटेत बसवले. आता ती पूर्वीसारखी खणखणत नाही. खोल, जाड आवाज येतो. पण गुरे ओळखतात. बनाबाई ती हाताने वाजवत पुढे चालते, आणि बंद पट्ट्याजवळ आली की मुठीत धरते. आवाज थांबतो. कळप थांबतो.

मित्रांनो, एवढेच सांगायचे होते. ज्याच्यामागून सगळे चालतात, त्याला थांबताही यायला हवे. गवताला बी टाकेपर्यंत वेळ द्या, मग ते तुम्हाला सांभाळते. आणि तुम्हाला अडवणारे कोणी घरात असेल, तर त्याला शिवी देण्याआधी एकदा ओल्या फडक्याने पुसा.

आता दिवस कलला आहे. डोंगरावरून घंटा खाली येते आहे. दारात उभ्या बायका म्हणतात, "काय आवाज हाय बाई!" माझाच तुकडा आहे तो. मी इथे खुंटीवर, आणि तो तिथे, चाळीस जनावरांच्या पुढे.

मला आता त्याचा हेवा वाटतो.